अमूर्ताचा अभ्यास आणि भैरवगढचे मेण

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेत बोलावयास उभे राहिल्यावर वक्त्याने प्रथम त्या संस्थेच्या इतिहासाचा गौरव करावा, असा संकेत आहे. ते काम या मालेतील माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मी आज एका लहानशा प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे. चित्रकला महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणारा या गावचा विद्यार्थी अमूर्त चित्रकारांचा अभ्यास करू लागला, तर त्याने तो कसा करावा आणि आपल्यासारख्या वाचनालयाने त्याच्या हाती काय द्यावे, हा तो प्रश्न. मी मराठीचा अध्यापक आहे, चित्रकलेचा नाही. परंतु आपल्या वाचनालयाचे कलाविषयक कपाट गेली काही वर्षे माझ्या देखरेखीखाली असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे चालत आला.

तो आणला एका विद्यार्थिनीने. ती भैरवगढची, मेणाच्या छपाईचे काम करणाऱ्या घरातील. उज्जैनच्या उत्तरेला शिप्रेच्या काठी काळभैरव आणि सिद्धवट यांच्या परिसरात वसलेली ही वस्ती आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या छिपा आणि रंगरेज कुटुंबांच्या चादरी आणि साड्या आपल्या घरोघरी वापरल्या गेल्या आहेत. 2023 साली उज्जैनच्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकनही मिळाले. या मुलीला प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामाची संचिका, सादर करावयाची होती आणि तिच्यात कोणत्याही दोन अमूर्त चित्रकारांचा अभ्यास असावा, अशी अट होती. तिने मोबाइलवर शोध घेतला. जे हाती आले ते असे : वासुदेव गायतोंडे यांचे 1979 सालचे एक चित्र 2013 मध्ये मुंबईच्या लिलावात 23 कोटी 70 लाख रुपयांना विकले गेले, सैयद हैदर रझा बिंदू काढीत असत, आणि अमूर्त कलेची चार-पाच लक्षणे. या सामग्रीवर तिने एक काळा बिंदू आणि एक पिवळसर, धुरकट कागद तयार केला होता. ते दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "सर, बरोबर आहे ना?"

कागद नीटनेटके होते. परंतु त्यांत तिचे काहीच नव्हते. रझांचेही नव्हते आणि गायतोंड्यांचेही नव्हते. असे का व्हावे, याचा विचार मी आपल्यापुढे मांडू इच्छितो. कारण ही एका मुलीची अडचण नाही. अमूर्त चित्रकाराचा अभ्यास म्हणजे त्याच्या अखेरच्या आकाराची उचल, असा समज आपल्या शाळांतून आणि शिकवण्यांतून रूढ झाला आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'अमूर्त' हा शब्द आपल्याला तत्त्वज्ञानातून मिळाला, आणि त्यामुळे अमूर्त चित्र म्हणजे काहीतरी गूढ, हाताने धरता न येणारे, अशी आपली कल्पना होते. वस्तुतः चित्र नेहमी मूर्तच असते. त्याला लांबी-रुंदी असते, रंगाला वास आणि जाडी असते. त्यात नसते ती बाहेरच्या एखाद्या वस्तूची प्रतिमा. गायतोंडे स्वतः आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणवून घेण्यास राजी नसत. 'वस्तुनिरपेक्ष' अशा अर्थाचा शब्द त्यांना अधिक योग्य वाटे. युरोपात या वाटेचा उगम सामान्यतः वासिली कांडिन्स्की यांच्या 1910 च्या सुमाराच्या कामापासून सांगितला जात असे. परंतु स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या चित्रकर्त्रीने 1906 पासूनच तशी चित्रे काढली होती आणि जगाला त्यांचा परिचय 1986 नंतर झाला, हे आता सर्वमान्य आहे. इतिहासाची पाने अशी मागाहूनही भरली जातात, एवढे विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

आम्हां मराठीच्या लोकांना हा विषय परका वाटण्याचे काही कारण नाही. बा. सी. मर्ढेकरांनी 1955 च्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात कलाकृतीची घटना संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी उलगडून दाखवली. मर्ढेकरांच्या मीमांसेवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि ते विचारार्हही आहेत. तथापि ज्या चित्रात झाड नाही, नदी नाही, माणूस नाही, त्यात पाहावयाचे काय, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर आमच्या भाषेत दुसरे मला आढळलेले नाही. दोन रंग एकमेकांना कोठे साथ देतात, कोठे भिडतात आणि अखेर कोणत्या तोलावर स्थिरावतात, हे पाहावयाचे. येथून जवळच देवासला 1948 पासून कुमार गंधर्व राहिले. त्यांच्या आलापीत शब्द नसतानाही आपण डोलतो. स्वरांच्या बाबतीत आपण जे सहज मान्य करतो, ते रंगांच्या बाबतीत मान्य करावयास मात्र पुरावा मागतो.

आता त्या दोन कागदांकडे वळू. रझांचा जन्म 1922 साली आपल्याच मध्य प्रदेशात, मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात होते. शाळेत चंचल असलेल्या या मुलाला एका शिक्षकाने भिंतीवर बिंदू काढून त्यावर दृष्टी स्थिर करावयास सांगितले, ही हकीकत रझा पुढे आयुष्यभर सांगत असत. ती प्रसिद्ध आहे. पण त्या भिंतीवरच्या बिंदूपासून कॅनव्हासवरच्या बिंदूपर्यंत जे अंतर आहे, ते कोणी मोजत नाही. नागपूरची कलाशाळा, मग मुंबईचे जे. जे., 1947 चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, 1950 मध्ये पॅरिस, फ्रान्समधील खेडी, चर्च आणि वृक्ष यांची निसर्गचित्रे, नंतर त्या निसर्गाचे हळूहळू वितळत जाणे, आणि या सर्वांनंतर, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, बिंदूचे आगमन. म्हणजे पंचवीस-तीस वर्षे रंग हाताळल्यानंतर हा माणूस एका काळ्या वर्तुळापाशी आला. 2016 मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांना मंडल्यात वडिलांच्या शेजारी विसावा देण्यात आला. आमच्या विद्यार्थिनीने तो बिंदू एका दुपारी काढला होता. तिचा हात कच्चा नव्हता. तिला वाट ठाऊक नव्हती.

गायतोंड्यांचा जन्म 1924 चा, नागपूरचा. घराणे मूळचे गोव्याचे. 1948 मध्ये ते जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडले. आरंभीच्या त्यांच्या कामावर पॉल क्ले या चित्रकाराचा प्रभाव स्पष्ट दिसतो, आणि त्यात लपवण्यासारखे त्यांना काही वाटले नाही. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यू यॉर्कला गेले. 1972 पासून दिल्लीच्या निजामुद्दीन भागात राहिले. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. मध्य प्रदेश शासनाने त्यांना कालिदास सन्मान दिला होता, म्हणजे आपल्या नगरीच्या कवीचे नाव त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. 2001 मध्ये ते गेले. 2014 साली न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले.

ही चरित्राची माहिती झाली, आणि बहुतेक संचिका येथेच संपतात. अभ्यास याच्या पुढे सुरू होतो. गायतोंडे रंग कसा लावीत? कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंगाची सुरी त्यांना जवळची. रंगाचा थर द्यावा, तो सुरीने खरवडावा. कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलावेत, की कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो आणि खालचा थर उजळतो. चित्रात जो प्रकाश आपल्याला आतून आल्यासारखा वाटतो, तो अशा लावण्या-काढण्यातून आलेला असतो.

हे मी त्या मुलीला एका पुस्तकातील छायाचित्रे दाखवून समजावीत होतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, हे तर आमच्या घरी चालते." मी म्हटले, "बेटा, कसे ते सांग." आणि पुढचा अर्धा तास शिक्षक ती होती, विद्यार्थी मी.

श्रोतेहो, भैरवगढचे कापड आपण वापरले आहे. ते तयार कसे होते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? पांढरे कापड आधी धुऊन त्यातील खळ काढावी लागते. कढईत मेण वितळवतात. त्यात पॅराफिन आणि मधमाशांचे मेण यांचे प्रमाण पाहून घ्यावे लागते, कारण पॅराफिन ठिसूळ असते आणि लवकर तडकते, तर मधमाशांचे मेण चिवट असते आणि रेघ धरून ठेवते. ज्या जागी पांढरे राहावयास हवे, तेथे मेण लावायचे. मग थंड पाण्यातला रंग. पाणी गरम असले तर मेणच सुटेल. कापड वाळले की जेथे हा पहिला, फिका रंग टिकवायचा, तेथे पुन्हा मेण, आणि पुन्हा त्याहून गडद रंग. असा प्रवास फिक्याकडून गडदाकडे होतो. मेण चुरगळले की त्याला तडे जातात, तड्यांतून रंग आत शिरतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. अखेर उकळत्या पाण्यात मेण उतरवले, की इतका वेळ झाकलेले सारे एकदम दिसू लागते.

म्हणजे येथे कारागीर जे दिसावयास हवे ते झाकतो आणि उरलेले रंगवतो. शेवटच्या क्षणापर्यंत त्याला आपले चित्र संपूर्ण दिसत नाही. ते त्याला मनात धरून ठेवावे लागते. अमूर्ताचा याहून सोपा आणि याहून कठीण धडा कोणता असू शकेल?

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे, आणि ती मी टाळू इच्छित नाही. मेणाचा प्रत्येक तडा म्हणजे अमूर्त चित्र काय? अर्थातच नाही. चादर वापरासाठी आहे, तिच्या शंभर प्रती निघतात, तिचे गिऱ्हाईक ठरलेले असते. गायतोंड्यांचे चित्र एकच आहे आणि ते पाहण्याखेरीज त्याचा दुसरा उपयोग नाही. दोन्हींना एकच म्हणणे हा भैरवगढचा गौरव ठरणार नाही. तो केवळ भाबडेपणा ठरेल. फरक निवडीचा आहे. तडा आपोआप जातो. पण शंभर तड्यांतून हा ठेवावा, तो टाळावा, येथे मेण अधिक ठिसूळ करावे, येथे अजिबात चुरगळू नये, असे जेव्हा कोणी रेषांच्या नात्याकडे पाहून ठरवू लागते, तेव्हा मर्ढेकरांची लय तेथे सुरू होते. भैरवगढचा जुना कारागीरही हे करतोच. त्याच्या निवडीची नोंद कोणी ठेवत नाही, इतकेच.

कापडाची आणि आधुनिक चित्रकलेची ही भेट नवीन नाही, हे सांगण्यासाठी मी तिसरे नाव घेतो. प्रभाकर बरवे, जन्म 1936, रायगड जिल्ह्यातील नागाव. जे. जे. मधून बाहेर पडल्यावर त्यांनी 1961 पासून सुमारे दोन दशके विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. त्यातील काही वर्षे वाराणसीत. हातमागाच्या कापडासाठी नव्या आकृती योजणे हे तेथले काम. आमच्या अकोल्याचे अंबादास, जे पुढे नॉर्वेला स्थायिक झाले आणि 2012 मध्ये ओस्लोत वारले, तेही याच केंद्रातून काम करीत. बरव्यांच्या चित्रांत पान, पीस, घड्याळ अशा ओळखीच्या वस्तू येतात, म्हणून रूढ अर्थाने त्यांना अमूर्त म्हणता येत नाही. परंतु त्या वस्तू आपली रोजची नाती सोडून एका मोकळ्या अवकाशात उभ्या असतात. मूर्त आणि अमूर्त यांच्यामधली सीमारेषा किती पातळ आहे, हे विद्यार्थ्याला त्यांच्याइतके दुसरा कोणी शिकवू शकणार नाही. शिवाय त्यांनी आपल्या विचारप्रक्रियेच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांतून 1990 मध्ये 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक सिद्ध झाले. चित्रकाराने आपल्या कामाविषयी मराठीत इतके स्वच्छ लिहिलेले पुस्तक विरळा. ते आपल्या कपाटात आहे, आणि त्याची नोंदवही मी पाहिली. अनेक वर्षांत ते फारच थोड्या वेळा बाहेर गेले आहे.

आपल्या माळव्यालाही ही परंपरा आहे. इंदूरला 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी कलाशाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे तेथलेच, आणि मकबूल फिदा हुसेन यांनीही तेथे धडे घेतले. उज्जैनमध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांनी भारती कला भवन चालवले. 1957 मध्ये भीमबेटकाची चित्रित शैलाश्रये जगापुढे आणणारे वाकणकर आपल्याला पुरातत्त्वज्ञ म्हणून ठाऊक आहेत. पण ते कलाशिक्षक होते, शिष्यांना घेऊन गुहांतून चित्रांच्या नकला करीत असत, आणि त्यांचे शिष्य सच्चिदा नागदेव पुढे भोपाळला नामांकित चित्रकार झाले. भोपाळच्या भारत भवनात, 1982 पासून, जगदीश स्वामिनाथन यांनी शहरी चित्रकारांची आणि आदिवासी कलावंतांची कामे एकाच छताखाली मांडली आणि दोघेही आजचेच आहेत, असा आग्रह धरला. उज्जैनहून सकाळी निघणारा विद्यार्थी रात्री परत येऊ शकतो, इतक्या अंतरावर ही शाळा आहे.

मग अभ्यास कसा करावा? मी चित्रकार नसल्याने उपदेश करण्याचा अधिकार सांगत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासात जे उपयोगी पडते, तेवढेच सांगतो. चित्रकार दोन-तीनच घ्यावेत, पण त्यांच्या आयुष्यातील किमान तीन टप्प्यांची चित्रे कालक्रमाने लावून पाहावीत. प्रत्येक चित्राखाली वर्ष, माध्यम आणि आकार लिहावा. मोबाइलच्या पडद्यावर पाच फुटांचे चित्र आणि पोस्टकार्डाएवढे चित्र सारखेच दिसते, आणि तेथेच अर्धी दिशाभूल होते. चित्रकाराविषयी इतर काय म्हणतात, त्याआधी तो स्वतः काय म्हणाला ते वाचावे. एका चित्रासमोर अर्धा तास बसावे आणि जे दिसले ते साध्या वाक्यांत लिहावे. 'गूढ', 'अलौकिक' असे शब्द वापरू नयेत. नक्कल करावयाची तर पद्धतीची करावी, आकाराची करू नये. आणि अखेरीस, जे कळले ते आपल्या हाताशी असलेल्या साहित्यात करून पाहावे. गायतोंड्यांनी क्लेकडून घेतले, प्रभाकर कोलत्यांनीही क्लेकडून घेतले. दोघांची चित्रे एकमेकांसारखी नाहीत, क्लेसारखीही नाहीत. घेणे आणि उचलणे यांतला भेद एवढाच.

त्या मुलीने आपले दोन्ही कागद बाजूला ठेवले. पण घरचे काम संचिकेत लावावयास ती तयार नव्हती. "ते लोक म्हणतील, ही तर चादरवाली आहे," असे ती म्हणाली. हे वाक्य मला फार लागले. जो हात तिचे बळ होता, तोच तिला लपवावासा वाटत होता. आणि असे वाटावयास लावणारे आपण, सुशिक्षित म्हणवणारे लोक आहोत. तिचे वडीलही साशंक होते. मला म्हणाले, "माट्साब, मेण तर ही घरी शिकलीच आहे. तिथे जाऊन आणखी काय शिकणार?" मी त्यांना म्हणालो, "भैया, हात तुम्ही दिलात. हाताने काय केले, ते सांगावयास ती तिथे शिकेल." हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी मुलीला मेणाची एक लहान कढई मात्र वेगळी काढून दिली.

पुढचे दोन महिने तिने कापडाचे वीतभर तुकडे केले. पॅराफिन आणि मधमाशांचे मेण यांचे प्रमाण दर तुकड्यागणिक बदलत नेले आणि प्रत्येकाखाली प्रमाण, रंगाची पाळी आणि काय अपेक्षिले होते, काय झाले, ते लिहिले. शेजारी गायतोंडे आणि बरवे यांच्यावरील तिची टिपणे. ती संचिका स्वीकारली गेली, तिला प्रवेश मिळाला. ती मोठी चित्रकार होईल काय, हे कोण सांगणार? परंतु दोन अमूर्त चित्रकार तिला आता कळले आहेत, आणि आपल्या घरची कढईही.

आता वाचनालयाविषयी बोलून मी रजा घेतो. 'कोरा कॅनव्हास' ती मुलगी एकटी वाचू शकली नाही. लिपी आपली आणि तिची एकच, देवनागरी. ती अक्षरे लावीत असे, पण अर्थ मध्येच निसटे. मी बाजूला बसून उताऱ्यांचे हिंदी करून सांगत असे. त्या बैठकांत माझ्या ध्यानात आले, की आपण शंभर वर्षे मराठी पुस्तके जिवापाड सांभाळली, ती आपल्या लोकांसाठी. आणि आपले लोक कोण, हे आपण आडनावांवरून ठरवत आलो. नोकरीनिमित्ताने आपली मुले पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेली. या कपाटातल्या पुस्तकांची गरज असलेली मुले मात्र भैरवगढात आहेत, आणि सभासदत्वाच्या अर्जात त्यांच्यासाठी जागा नाही.

माझी सूचना साधी आहे. कलाविषयक कपाट विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य उघडावे. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्यापैकी एका सभासदाने त्यांच्या शेजारी बसून मराठीतले हिंदीत सांगावे. आणि त्या कपाटाशेजारी भैरवगढच्या छपाईचे नमुने, प्रमाणांच्या आणि पद्धतीच्या नोंदींसह, ठेवावेत. त्या नोंदी तिथल्या कारागिरांकडून घ्याव्यात आणि त्याखाली त्यांची नावे असावीत. खर्च फारसा नाही. लागेल तो वेळ, आणि थोडी मनाची तयारी. पहिल्या संध्याकाळी बसावयास मी तयार आहे.